कॉलेजवयातल्या लसी आणि समुपदेशन : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मुलगी एम.एस.साठी ऑगस्टमध्ये अमेरिकेला जाणार आहे. विद्यापीठाने लसीकरणाचा फॉर्म पाठवलाय. लहानपणीचं कार्ड हरवलंय. २०१८च्या अखेरीस शाळेत गोवर-रुबेलाची लस टोचली होती, तेवढ्यावर भागेल का? (पालक, कोथरूड)

उत्तर : नाही भागणार. त्या मोहिमेतली लस एमआर, म्हणजे फक्त गोवर आणि रुबेला. फॉर्मवर एमएमआर मागितलेली असते, तिच्यात गालगुंडही येतो. कार्ड नसेल तर सरळ एमएमआरचे दोन डोस घ्या, मध्ये किमान २८ दिवस ठेवून. आधी लस झालेली असली तरी पुन्हा घेतल्याने अपाय नाही. रक्तातल्या अँटिबॉडी तपासून तो रिपोर्ट जोडण्याचाही मार्ग असतो; पण गालगुंडाचा निकाल निगेटिव्ह आला की डोस घ्यावेच लागतात आणि व्हिसाच्या धावपळीत मधले दिवस फुकट जातात.

खरी गफलत होते ती क्रमात. एमएमआर आणि कांजिण्यांची लस, दोन्ही जिवंत लसी, म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत विषाणूंच्या. एकाच दिवशी दोन दंडांवर घ्या, नाहीतर मध्ये २८ दिवस जाऊ द्या. क्षयरोगाची तपासणी लसीआधी किंवा त्याच दिवशी उरका. दहा-बारा दिवसांनी केली तर शरीराचा प्रतिसाद तात्पुरता दबलेला असू शकतो आणि निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी ही क्षयरोगाची लस देतात, म्हणून माँटूपेक्षा (हातावर टोचून करायची क्षयरोगाची चाचणी) आयजीआरए ही रक्ततपासणी बरी. बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. माँटूच करायची झाली तर सोमवार ते बुधवार गाठा, कारण ४८ ते ७२ तासांत ती वाचून घ्यावी लागते आणि रविवारी दवाखाना बंद. मोजायचा तो टोचलेल्या जागेचा कडकपणा, लाली नव्हे. तोही मिलिमीटरमध्ये; काही नसेल तर ‘०’ असं लिहून घ्या.

टीडॅप, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची एकत्र लस, नाव घेऊन मागा. नुसतं ‘धनुर्वाताचं इंजेक्शन’ म्हटलंत तर टीटी किंवा टीडी मिळेल, त्यात डांग्या खोकला नसतो. मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय लस मागितली असेल तर ती वयाच्या सोळा वर्षांनंतर घेतलेली लागते. या लसी मोठ्यांच्या दवाखान्यात बऱ्याचदा नसतात. मुलगी बावीस वर्षांची असली तरी बालरोगतज्ज्ञांकडे फोन करून विचारा. तारखेत महिना अक्षरी लिहून घ्या : ०४/०७ म्हणजे आपल्याकडे ४ जुलै, तिकडे ७ एप्रिल. मग दोन डोसांमधलं अंतर चुकीचं दिसतं आणि फॉर्म परत येतो. सही, शिक्का, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विसरू नका. पहिला डोस मे महिन्यातच घ्या.

प्रश्न : वसतिगृहात राहतो. दोन-तीन आठवडे झोप नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. समुपदेशकांकडे गेलो तर घरी किंवा विभागात कळेल का? (विद्यार्थी, गणेशखिंड)

उत्तर : आधी जा, आणि याच आठवड्यात जा. दोन आठवडे झोप उडाली असेल तर परीक्षा संपेपर्यंत थांबणं योग्य नाही. तुम्हाला अठरा पूर्ण असतील तर संमतीशिवाय घरी किंवा विभागप्रमुखांना सांगणं समुपदेशनाच्या नीतीत बसत नाही. मानसोपचार घेणाऱ्या रुग्णाला २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्कच दिलाय. अपवाद जिवाला धोका असण्याचा, तुमच्या किंवा दुसऱ्याच्या. तरी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा : नोंद कुठे राहते, कोण वाचतं, हजेरीसाठीच्या पत्रात काय लिहिता? उत्तर गुळमुळीत वाटलं तर कॉलेजबाहेरचा समुपदेशक पाहा.

समुपदेशक गोळ्या देत नाहीत; गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. पुण्याच्या ससून रुग्णालयातही मानसोपचाराचा विभाग आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळतं आणि गुण तर दिसत नाही, म्हणून अनेक मुलं तेव्हाच गोळ्या सोडतात. तसं करू नका, त्रास झाला तर डॉक्टरांना फोन करा. रात्री-बेरात्री जगणं नकोसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. रूममेटलाही उठवा.

प्रश्न : नर्सिंगला आहे. हिपॅटायटिस बीचे दोन डोस झाले, तिसरा राहून दीड वर्ष झालं. पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे का? (विद्यार्थिनी, पर्वती)

उत्तर : नाही, राहिलेला तिसरा डोस लगेच घ्या. त्यानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करा, म्हणजे लसीने तयार झालेल्या अँटिबॉडी मोजणारी रक्ततपासणी. १० किंवा त्याहून जास्त आला की संरक्षण आहे. ही तपासणी पुढे ढकलू नका. काही वर्षांनी आकडा आपोआप उतरतो, आणि मग लस लागूच पडली नव्हती की नुसता आकडा उतरलाय, हे सांगता येत नाही. तोवर वॉर्डमध्ये सुई टोचली तर बोट पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच तासाला इन्चार्ज सिस्टरांना कळवा.