‘बारा ब्रीथ’मधले बारा कशाचे?

एका ताईंनी विचारलंय: वेल्सहून आलेल्या भाच्यानं मनुकांचा एक गोड पाव आणला, नाव ‘बारा ब्रिथ’. यातले बारा कशाचे? आणि याला टी ब्रेड म्हणतात, तर यात चहा असतो का?

आपल्या १२ शी याचा संबंध नाही. वेल्श भाषेत ‘बारा’ म्हणजे पाव आणि ‘ब्रीथ’ म्हणजे ठिपकेदार. पाव कापला की तपकिरी कापेवर मनुका-बेदाणे विखुरलेले दिसतात, तेच ते ठिपके. उच्चारात ‘ब्री’ दीर्घ आहे, म्हणून मी ब्रीथ लिहिते. हे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं: पुल्लिंगी नामाला ब्रीथ, स्त्रीलिंगी नामाला ब्राइथ. आपण काबरा बैल, काबरी गाय म्हणतो तसंच. ‘बारा’ पुल्लिंगी, म्हणून ब्रीथ. पावही मराठीत पुल्लिंगीच, हा योगायोग मला फार आवडतो.

शेजारच्या आयर्लंडात अशाच पावाला ‘बारीन ब्रॅक’ म्हणतात. तिथंही अर्थ ठिपकेदार पाव हाच. आयरिशमध्ये नुसतं ‘ब्रॅक’ म्हटलं तर ट्राउट मासाही होतो, कारण त्याच्या अंगावर ठिपके असतात. आपल्याकडे ठिपक्यांच्या हरणाचं नावच चितळ पडलं, ते याच वाटेनं. या पावाचं इंग्रजी नाव ‘बार्मब्रॅक’. त्यातला ‘बार्म’ बहुधा ‘बारीन’चंच बदललेलं रूप असावं, पण इंग्रजीत बार्म हा स्वतंत्र शब्दही आहे: बिअर आंबताना वर येणारा फेस. बाजारात यीस्ट मिळू लागण्याआधी पाव, बन याच फेसानं फुगवत. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पीठ आंबवायला माडाची सूर घालत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना बार्म वेगळा समजावून सांगायला नको.

आता चहा. टी ब्रेडमधला ‘टी’ आधी खाण्याच्या वेळेचा आहे. आपण कुणाला ‘चहाला या’ म्हणतो तेव्हा पोहेही त्यात आलेच. ब्रिटनमध्येही ‘टी’ म्हणजे चहाबरोबरचं खाणं. गंमत अशी की बारा ब्रीथमध्ये चहा खरोखरच असतो. हल्ली पुष्कळ घरांत मनुका रात्रभर कोऱ्या चहात भिजवतात आणि यीस्टऐवजी बेकिंग पावडर मिसळलेला मैदा वापरतात. जुनी रीत यीस्टची. नव्या रीतीचा पाव केकसारखा भुसभुशीत लागतो, तरी नाव पावाचंच राहिलं.

‘टीकेक’चं नेमकं उलट. नाव केकचं, पण वस्तू यीस्टवर फुगवलेला चपटा बन, मधोमध कापून भाजायचा आणि लोणी लावून खायचा. ‘केक’ हा शब्द ‘काका’ या जुन्या नॉर्स शब्दावरून आलाय आणि एके काळी तो लहान चपट्या भाजलेल्या पावालाही लावत. यॉर्कशरच्या काही भागांत टीकेक म्हणजे अगदी साधा, बिनमनुकांचा पाव, तर स्कॉटलंडात बिस्किटावर मार्शमॅलो ठेवून वरून चॉकलेट चढवलेला गोड पदार्थ. म्हणून मराठीत अनुवाद करताना टीकेकला ‘चहाचा केक’ करू नये. गोष्ट इंग्लंडातली असेल आणि पात्र तो भाजून लोणी लावत असेल, तर सरळ ‘मनुकांचा बन’ लिहावं. बारा ब्रीथ मात्र तसंच ठेवावं आणि पहिल्या उल्लेखाला ‘ठिपक्यांचा पाव’ जोडावं, म्हणजे वाचक बारा मोजत बसणार नाही.