नवी मुंबईत नेरूळला गाडीशिवाय राहायचंय? मग भाड्याचं घर बघताना

बेत चांगला आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने नोड, म्हणजे नेरूळ-वाशीसारखे शहराचे भाग, आखतानाच स्टेशन, बाजार, शाळा चालत गाठता येतील असा विचार केलेला आहे. पण सगळीच घरं तशी सोयीची नाहीत.

पहिली गोष्ट: एजंटचं ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ बहुधा रिक्षाचं असतं. स्वतः चालून बघा, तेही कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला. 10 मिनिटांत साधारण 800 मीटर होतात. रोज दोनदा चालायला एवढं पुरे. घर रुळांच्या पूर्वेला की पश्चिमेला, हे आधी विचारा. बाजार पलीकडे असला तर प्रत्येक कोथिंबिरीच्या जुडीसाठी भुयारी मार्ग उतरा-चढायचा. तोच रस्ता रात्री दहालाही चाला: दिवे, कुत्री, फूटपाथवर चढवलेल्या गाड्या तेव्हाच कळतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- पत्त्यात नुसता सेक्टर सांगणं. सेक्टर 10 वाशीतही आहे, नेरूळमध्येही. नोडचं नाव आधी, मग सेक्टर, मग प्लॉट नंबर.
- पाम बीच रोडचा देखावा पाहून घर घेणं. तो रस्ता गाड्यांचा. दूध-भाजी आतल्या सेक्टरांत.
- आठवड्याची भाजी एकदम आणणं. पाच किलोची पिशवी पंधरा मिनिटं हातात धरून बघा! दोन दिवसांची आणा.
- पावसाळ्यात गुळगुळीत तळव्याची चप्पल. शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर हमखास घसरते.

सिडकोचा जमिनीचा भाडेपट्टा, हस्तांतरण शुल्क वगैरे सध्या बाजूला ठेवा. भाड्याने राहताय, ते विकत घेताना बघू.