कॅलिब्रेटर ५ व्होल्ट देतोय, डॅक १० दाखवतोय: काय चुकतंय?

कॅलिब्रेटर (ठरावीक अचूक व्होल्टेज देणारं उपकरण) मल्टिमीटरवर बरोबर ५ व्होल्ट दाखवतो, पण डॅकचा (DAQ, म्हणजे सिग्नल मोजून कॉम्प्युटरला देणाऱ्या डेटा अ‍ॅक्विझिशन कार्डाचा) आकडा सरकत सरकत १० व्होल्टच्या टोकाला चिकटतो, असं तुम्ही लिहिलंय. कार्ड बहुधा ठणठणीत आहे. आत्ताच कॅलिब्रेशनची अ‍ॅडजस्टमेंट सेव्ह करू नका, नाहीतर वायरिंगची चूक कार्डात जाऊन बसेल.

तुमचा कॅलिब्रेटर बॅटरीवर चालतो, म्हणजे ग्राउंडशी त्याचा संबंधच नाही. डिफरन्शियल इनपुटला (दोन वायरींमधला फरक मोजणाऱ्या इनपुटला) नुसत्या दोन वायरी लावल्या की बायस करंटला, म्हणजे इनपुटमधून वाहणाऱ्या बारीकशा करंटला, परतीची वाट राहत नाही आणि दोन्ही वायरींचं व्होल्टेज मिळून रेंजबाहेर तरंगत जातं. इनपुटचं मायनस टर्मिनल आणि कार्डाचं अ‍ॅनालॉग ग्राउंड यांच्यामध्ये १० ते १०० किलोओहमचा रेझिस्टर टाका. सीताबर्डीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिल्लरमध्ये मिळतो. सॉफ्टवेअरमध्येही चॅनेल डिफरन्शियलच आहे ना, ते बघा.

मग कॅलिब्रेटर काढून इनपुटचे प्लस-मायनस दोन्ही अ‍ॅनालॉग ग्राउंडला शॉर्ट करा. रीडिंग शून्याजवळ आलं नाही तरच कार्डावर संशय घ्या.

आणि हो, नागपूरच्या मे महिन्यात हे काम एसीच्या खोलीतच करा. बऱ्याच कार्डांची अचूकता २३ अंश सेल्सिअसच्या आसपास दिलेली असते. कूलरची मोटर तर टेबलापासून लांबच ठेवा, ५० हर्ट्झची गुणगुण थेट वायरीत शिरते.