एच-१बीचं घोडं अडलंय, आता कुठला देश?

प्रश्न : नमस्कार ताई, मी डॅलसला असतो, वय ३६, बॅकएंड डेव्हलपर. एमएसला आलो, मग ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी), मग एच-१बी (कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा), नोकरीला सात वर्षं झाली. ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज अप्रूव्ह आहे, वर्ग ईबी-२, प्रायॉरिटी डेट म्हणजे रांगेतली तारीख २०२१. बायको एच-४ ईएडीवर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा कामाचा परवाना) काम करते, मुलगी सात वर्षांची, जन्म इथलाच. टीममधले काही जण कमी केले आणि मॅनेजर आता नजर चुकवून बोलतो. मी कॅनडा म्हणतो, बायको जर्मनी म्हणते, मित्र ऑस्ट्रेलिया-यूके सुचवतात आणि साताऱ्याहून आई-बाबा म्हणतात सरळ घरी या. काय करावं? (एक वाचक, डॅलस)

उत्तर : जे काय करायचं ते नोकरी हातात असताना सुरू करा. एच-१बीवरची नोकरी गेली की फार तर ६० दिवस मिळतात आणि तेवढ्यात इंटरव्ह्यूच्या फेऱ्या पण धड होत नाहीत, व्हिसाचं तर सोडाच. ग्रीन कार्डच्या आशेवर थांबायचं म्हणाल तर एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, भारतीयांची ईबी-२ ची तारीख गेली काही वर्षं २०१२ ते २०१४ च्या आसपासच घुटमळतेय आणि तुमची आहे २०२१, मुलगी कॉलेजला जाईल तरी नंबर लागेल का सांगता येत नाही.

पगार कुठे किती हे सगळे आधी विचारतात. मी विचारते, तुमचं राहणं कंपनीच्या हातातून कधी सुटणार? सात वर्षं तुम्ही ज्याला कंटाळलात तेच दुसऱ्या देशात परत सात वर्षं करायचं असेल तर सामान हलवायचंच कशाला.

या हिशोबात तुमच्या बायकोचं म्हणणं मला जास्त पटतंय. जर्मनीत ब्लू कार्ड (बाहेरच्या शिकलेल्या नोकरदारांचा परवाना) मिळालं की जर्मन बी-१ म्हणजे मधल्या पातळीचं असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो, नुसतं ए-१ म्हणजे अगदी सुरुवातीचं असेल तर २७ महिने. आयटीसाठी पगाराची अट २०२६ ला वर्षाला साधारण ४५,९३४ युरो आहे, तुमच्या अनुभवाला ती अडचण वाटू नये. बायकोला पहिल्या दिवसापासून काम करता येतं आणि ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन परीक्षेची अट नाही. (ईएडी रिन्यू होतंय की नाही या टेन्शनमध्ये जगलेल्या बाईला याची किंमत कळते.)

आता कडू भाग. हातात पडणारा पगार डॅलसच्या मानाने बराच कमी दिसेल, टॅक्स आणि विम्याचे पैसे कापून जातात, घर भाड्याने मिळवणं ही म्युनिक-बर्लिनमध्ये वेगळीच परीक्षा आहे, आणि इंग्लिशवर चालणाऱ्या टीम असतात पण भाषा न शिकता नोकरी बदलायला गेलात की पर्याय एकदम कमी होतात. मुलीसाठी मात्र जायचं तर आत्ताच जा, कारण बर्लिन-ब्रांडेनबुर्ग सोडलं तर बहुतेक राज्यांत चौथीनंतर कोण कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार ते ठरतं, सातव्या वर्षी गेली तर तोपर्यंत भाषेला थोडा वेळ मिळेल, दहाव्या वर्षी नेलंत तर पोरीवर अन्याय होईल.

एक मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. सोशल सिक्युरिटीत, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शन योजनेत, तुमचे सात वर्षांचे फार तर २८ क्रेडिट झाले असतील, पेन्शनला ४० लागतात. दोन्हीकडची वर्षं जोडायचा करार अमेरिका-भारत नाही, पण अमेरिका-जर्मनी आहे, त्यामुळे जर्मनीतली वर्षं पात्रतेसाठी धरता येतात, पेन्शन अर्थात अमेरिकेतल्या कामाच्या प्रमाणातच. ४०१के (निवृत्तीसाठी साठवलेले पैसे) घाईने मोडू नका, साडेएकोणसाठच्या आत काढलं तर टॅक्स वेगळा आणि वर सहसा १० टक्के दंड.

कॅनडा वाईट नाही, पण तुमच्या डोक्यातला कॅनडा जुना आहे. जुलै २०२३ मध्ये त्यांनी एच-१बीवाल्यांसाठी १०,००० ओपन वर्क परमिट काढले ते दोन दिवसांच्या आत संपले, त्यानंतर वारं फिरलं. पीआरचे (कायमच्या परवान्याचे) आकडे कमी केले, मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे मार्कांवर पीआर द्यायच्या त्यांच्या पद्धतीत, जॉब ऑफरचे मार्क गेले, स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या) यादीतून सॉफ्टवेअरची बरीच पदं काढली. वयाचे मार्क तिशीपासून चाळिशीपर्यंत दरवर्षी पाच-सहाने गळतात आणि पंचेचाळीसला शून्य, म्हणजे तुम्ही विचार करत बसलात तरी स्कोअर खाली येतोय. फ्रेंच येणाऱ्यांचा कटऑफ मात्र बराच खाली लागतो, त्यामुळे दोघांपैकी कोणी शाळेत फ्रेंच घेतलं असेल तर ते घासूनपुसून काढा. नसेल तर प्रोफाइल टाकून ठेवा, ते टाकायची वेगळी फी नाही, पण भरवसा ठेवू नका.

यूकेबद्दल थोडक्यात. स्किल्ड वर्कर व्हिसाला जुलै २०२५ पासून किमान पगार साधारण ४१,७०० पाउंड, शिवाय हेल्थ सरचार्ज मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६, तिघांचे पाच वर्षांचे चौदा हजारांवर पाउंड आधीच भरायचे, आणि एवढं करून कायमचं राहायला पाचऐवजी दहा वर्षं करायची भाषा सरकारनेच सुरू केलीय. ऑस्ट्रेलियात किमान ६५ गुण म्हणतात पण आयटीवाल्याला तेवढ्यावर बोलावणं येणं अवघड, आणि एसीएस (आयटीवाल्यांची पात्रता तपासणारी तिथली संस्था) अनुभवातली वर्षं कापते. राहिले आई-बाबा. खराडी-हिंजवडीतल्या अमेरिकन कंपन्यांच्या ऑफिसांत तुमच्यासारख्यांना मागणी आहे, तोही एक देश यादीत धरा, म्हातारे म्हणतात म्हणून नाही तर तिथे तुम्हा दोघांना व्हिसाच लागत नाही म्हणून.

जाण्याआधी आय-१४० च्या अप्रूव्हल नोटिशीची कॉपी स्वतःकडे घ्या. प्रायॉरिटी डेट देश सोडला तरी सहसा तुमचीच राहते. पण परत यायचं ठरलंच तर तुम्ही बाहेर असताना कंपनीने केलेल्या नव्या एच-१बी पिटिशनवर सप्टेंबर २०२५ च्या आदेशातली एक लाख डॉलरची फी कंपनीवर पडू शकते, ती भरणारी कंपनी शोधावी लागेल.

प्रश्न : मी पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे, वय २७, बीई, चार वर्षं अनुभव. मला यूएसला पाठवायचं कंपनीने गुंडाळलं. एक एजंट साडेतीन लाखांत जर्मनीचं चान्सनकार्ट आणि नोकरीची गॅरंटी देतोय. घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. चान्सनकार्ट म्हणजे तिथे जाऊन वर्षभर नोकरी शोधायची परवानगी, नोकरी नव्हे, त्यामुळे गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. डिग्री मान्य असेल, ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्लिश असेल आणि वय-अनुभव वगैरे मिळून ६ गुण होत असतील तर अर्ज स्वतः ऑनलाइन करता येतो, फी ७५ युरो. खरा खर्च ब्लॉक्ड अकाउंटचा (राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं खातं), २०२५ च्या हिशोबाने महिना १,०९१ म्हणजे वर्षाचे १३ हजार युरो दाखवावे लागतात, पण ते तुमचेच पैसे असतात. तिथे आठवड्याला २० तास पार्टटाइम चालतं. नुसत्या मॅन्युअल टेस्टिंगवर आणि इंग्लिशवर जाऊ नका, आधी ऑटोमेशन हातात घ्या आणि रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्सम्युलर भवनला नाव घालून जर्मन निदान बी-१ करा, वर्ष जाईल पण जाऊ दे. आणि त्या एजंटला आधीच काही दिलं असेल तर तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरच्या नोंदणीकृत एजंटांच्या यादीत आहे का ते आजच बघा, नसेल तर पावती घेऊन पोलिसांकडे जा.