शाळा न पाहिलेल्या आजींची स्मृतिचाचणी

प्रश्न : मी लातूरला एमबीबीएसची इंटर्नशिप करते. ओपीडीत निरक्षर आजींना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगतात. जमलं नाही की स्मृतिभ्रंशाचा संशय. मनोविकारतज्ज्ञ होऊन अशा लोकांसाठी मराठी चाचणी तयार करायची आहे. काय करू?

उत्तर : पदव्यांची वाट ठरलेली आहे. नीट-पीजी, तीन वर्षं एमडी सायकियाट्री, मग हवं तर वृद्धांच्या मानसिक आरोग्यातलं तीन वर्षांचं डीएम, म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी. ते लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये होतं, पण जागा मोजक्याच. डीएम नसलं तरी हे काम करता येतं. घोटाळा होतो तो चाचणी म्हणजे नुसती प्रश्नांची यादी, असं समजण्यात.

1975 साली आलेली एमएमएसई, म्हणजे स्मृती आणि आकलन तपासायची प्रचलित इंग्रजी चाचणी, 30 गुणांची आहे. 23 किंवा कमी गुण आले की सहसा संशय घेतात. पण 100 मधून 7-7 वजा करणं, वाक्य लिहिणं ही झाली शाळेची परीक्षा. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी तिचं हिंदी रूप झालं, तो शोधनिबंध आधी वाच. (एमएमएसईचे हक्क राखीव आहेत, भाषांतर करून छापायचं तर परवानगी लागते.)

मराठीत अडचणी कुठे येतात बघ. इंग्रजी शब्दाची अक्षरं उलटी सांगायला लावतात; आपल्याकडे काना-मात्रा नि जोडाक्षरं आडवी येतात. त्यापेक्षा वार उलटे म्हणायला सांगणं बरं. आजी तारखेऐवजी ‘आज एकादशी’ म्हणाल्या आणि ती खरंच असली, तर गुण द्यायचा का, हे आधीच लिहून ठेव, नाहीतर दोन परीक्षक दोन गुण देतील. इंग्रजीत ऋतू चार, आपल्या बोलण्यात तीन. म्हणजे अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता चारात एकवरून तिनात एक होते. लक्षात ठेवायचे शब्द खानदेशात आणि कोकणात सारखेच कळायला हवेत.

एमडीचा थिसिस याच विषयावर घे. पूर्ण चाचणी तीन वर्षांत होणार नाही, एक तुकडा होईल. चाचणीचे गुण माहीत नसलेल्या तज्ज्ञाने स्वतंत्र निदान करायचं आणि मग दोन्ही ताडून पाहायचं. कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या खाली संशय घ्यायचा तो गुण, शिक्षणानुसार वेगळा काढ. तपासणीआधी ऐकू येतं का, मोतीबिंदू आहे का ते पाहा. नैराश्य, डेलिरियम (आजारपणात अचानक येणारा गोंधळ), बी-12 ची कमतरता, थायरॉइड यांनीही गुण घसरतात.

संख्याशास्त्र मात्र टाळू नकोस. समज, 1000 वृद्धांत 50 जणांना आजार आहे. चाचणी आजाऱ्यांपैकी 90 टक्के पकडते आणि निरोग्यांपैकी 85 टक्क्यांना बरोबर सोडते. म्हणजे 45 आजारी सापडतील, पण सुमारे 143 निरोगीही अडकतील. संशयितांत खरा आजार चौघांत एकालाच. म्हणून स्क्रीनिंगच्या (प्राथमिक चाळणीच्या) कागदावर ‘स्मृतिभ्रंश’ लिहायचं नाही, ‘पुढील तपासणी हवी’ लिहायचं.

पोट ओपीडी आणि अध्यापनावर भरेल, चाचणीवर नाही. हे घरी आधीच सांग. शक्यतो सायकियाट्री आणि न्यूरॉलॉजी दोन्ही विभाग असलेलं कॉलेज निवड, म्हणजे निदान ताडायला माणसं मिळतील. सध्या ओपीडीत आजी कुठल्या प्रश्नाला अडखळतात आणि काय उत्तर देतात, ते नाव न लिहिता वहीत टिपत जा. ते प्रसिद्ध करायचं असेल, तर एथिक्स कमिटीची परवानगी नोंदी सुरू करण्याआधी घ्यावी लागते, नंतर नाही.