सेकंड लूकला जावं का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

जानेवारी उजाडला की माझ्या मेलबॉक्समध्ये एकच विषय येऊन पडतो. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीचे, म्हणजे डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलमध्ये घ्यायच्या प्रशिक्षणाचे, इंटरव्ह्यू उरकलेले असतात, मॅचची (उमेदवार आणि हॉस्पिटलं दोघांच्या पसंतीक्रमावरून कॉम्प्युटरने जागा ठरवण्याची पद्धत) रँक लिस्ट, म्हणजे पसंतीची यादी, भरायची असते आणि कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असतं की ‘सेकंड लूक’ला गेल्याशिवाय काही खरं नाही. सेकंड लूक म्हणजे इंटरव्ह्यू झाल्यावर, लिस्ट देण्याआधी, ते हॉस्पिटल बघायला पुन्हा जाणं. ‘पुन्हा’ म्हणायचं एवढंच. २०२० पासून बहुतेक इंटरव्ह्यू झूमवर होतात, त्यामुळे अनेकांची ही पहिलीच भेट असते.

मी न्यू जर्सीतल्या एका टीचिंग हॉस्पिटलमध्ये इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेंट्सना शिकवते आणि उमेदवारांच्या मुलाखतीही घेते. नावं गाळून, निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देते आहे.

मॅडम, सेकंड लूक कंपल्सरी असतो का? (इंटर्न, पुणे)

नाही.

आमच्याकडच्या एका कन्सल्टंटने सांगितलं की सेकंड लूक केला की लिस्टमध्ये नंबर वर सरकतो. हॉस्पिटलच्या रेसिडेन्सी प्रोग्रॅमला मेल पाठवण्यापासून अपॉइंटमेंटपर्यंत सगळं ते करून देतात, फी मात्र बरीच आहे. घ्यावं का पॅकेज? (नागपूर)

घेऊ नका. आणि आता जरा सविस्तर ऐका, कारण हा प्रश्न मला दरवर्षी छळतो.

मॅच चालवणारी संस्था म्हणजे एनआरएमपी. तिच्या नियमांत स्पष्ट आहे की प्रोग्रॅमने उमेदवाराला दुसऱ्या भेटीची सक्ती करायची नाही, आणि भेटीवर तुमचा क्रम ठरेल असं सुचवायचंही नाही. तुम्ही त्यांना कितव्या नंबरवर टाकणार, हे विचारायलाही त्यांना बंदी आहे. काही प्रोग्रॅम तर आपली लिस्ट आधी पक्की करून टाकतात आणि मगच उमेदवारांना बघायला बोलावतात, म्हणजे संशयालाच जागा नको. अशा ठिकाणी जाऊन तुमचा नंबर कुठून सरकणार? आमंत्रणाच्या मेलमध्ये हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. पण मेल वाचतो कोण? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारणं सोपं.

आता कन्सल्टंट नेमकं काय करतो ते सांगते. तो कोऑर्डिनेटरला, म्हणजे प्रोग्रॅमचं ऑफिस सांभाळणाऱ्या व्यक्तीला, एक मेल पाठवतो. आमच्या कोऑर्डिनेटरबाईंनी मला असे मेल दाखवले आहेत. तोच परिच्छेद, तीच ‘समृद्ध रुग्णवैविध्या’ची ओढ, तेच शेवटचं वाक्य. फक्त हॉस्पिटलचं नाव बदललेलं, आणि तेही वेगळ्या फाँटमध्ये, कारण मूळ मजकुरावर चिकटवलंय. एकात तर नाव बदलायचंच राहिलं होतं आणि मुलाने आमच्याकडे दुसऱ्याच राज्यातल्या हॉस्पिटलबद्दल प्रेम व्यक्त केलं होतं. त्या मुलाला बहुधा ठाऊकही नसेल की आपल्या नावाने असा मेल गेलाय. ह्यासाठी पैसे मोजायचे?

मग भेटीचा काहीच परिणाम होत नाही का? माणसं आहेत, चेहरा लक्षात राहतो, हे मी नाकारत नाही. पण तो दोन्हीकडून राहतो. रिसेप्शनवरच्या बाईंशी तुटक बोलणारा, दुपारच्या लेक्चरला मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारा उमेदवारही लक्षात राहतो. आणि जो आलाच नाही, त्याच्याबद्दल ‘हा आला नाही’ असं आमच्या निवड समितीत मी तरी कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. भारतातून येण्याचा खर्च काय पडतो हे आम्हालाही कळतं.

तुम्हाला तो प्रोग्रॅम बघायचा असेल तर जा. त्यांना तुम्ही दिसावं म्हणून जाऊ नका. शंका असेल तर एनआरएमपीच्या सपोर्टला मेल करून विचारा. त्याला पैसे पडत नाहीत.

भेट कधी आणि कशी मागावी? प्रोग्रॅम डायरेक्टरलाच लिहू का? (कोल्हापूर)

कोऑर्डिनेटरला लिहा. डायरेक्टर तो मेल शेवटी कोऑर्डिनेटरकडेच पाठवणार, चार दिवस उशिरा.

इंटरव्ह्यूच्या वेळी मिळालेला माहितीचा कागद आधी वाचा. त्यात सेकंड लूकच्या तारखा दिलेल्या असतील तर त्याच घ्या. ‘आम्ही सेकंड लूक ठेवत नाही’ असं असेल तर विषय संपला, गळ घालू नका. काहीच लिहिलेलं नसेल तर जानेवारीच्या सुरुवातीला चार ओळींचा मेल करा: नाव, एएएमसी क्रमांक (अर्जावरचा तुमचा ओळख क्रमांक), इंटरव्ह्यूची तारीख, आणि अमुक आठवड्यात मी अमेरिकेत आहे, अर्धा दिवस येऊन बघता येईल का. बस. गुणपत्रिका, संशोधनाची यादी, आईवडिलांचा त्याग हे सगळं पहिल्या अर्जात येऊन गेलंय. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एक आठवण. तिसरा मेल नको.

उशीर मात्र करू नका. लिस्ट देण्याची मुदत फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते. दरवर्षी कुणीतरी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ‘उद्या येऊ का’ असं विचारतो. नको, उद्या येऊ नका.

माझ्याकडे व्हिसा नाही. टूरिस्ट म्हणून बी-१/बी-२ काढून येऊ का? सीनिअर म्हणतात, ऑफिसरला फक्त ‘फिरायला चाललोय’ सांग. (नाशिक)

सीनिअरला नमस्कार सांगा आणि त्याचं ऐकू नका. खोटं बोलून व्हिसा मिळवणं किंवा देशात शिरणं ह्याला इथल्या कायद्यात कायमच्या प्रवेशबंदीची तरतूद आहे. अर्ध्या दिवसाच्या भेटीसाठी सगळं करिअर पणाला लावायचं का? खरं सांगा: रेसिडेन्सीसाठी अर्ज केलाय, इंटरव्ह्यू झालाय, हॉस्पिटल बघायला जातोय, पगार किंवा काम नाही, अमुक तारखेला परत येणार. प्रोग्रॅमचं पत्र किंवा मेल सोबत ठेवा, मुंबईच्या कॉन्सुलेटमध्येही आणि इथल्या विमानतळावरही.

पण जानेवारीत व्हिसाच्या तारखा शोधायला सुरुवात करणार असाल तर यंदा नाद सोडा, ऑनलाइन काय दाखवतात ते बघा. आधी कधी व्हिसा नाकारला गेला असेल, किंवा दुसरा कुठला अर्ज चालू असेल, तर तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. मी डॉक्टर आहे, वकील नाही. आणि तुमचा सीनिअरही नाही.

भेटीत पेशंट बघायला मिळतात का? तपासून दाखवलं तर छाप पडेल. (अकोला)

हात लावायचा नाही. तुमच्याकडे परवाना नाही, विमा नाही, आणि व्हिजिटर व्हिसावर ते चालतही नाही. राउंडला मागे उभं राहू दिलं तर उभे राहा, विचारल्याशिवाय बोलू नका, आणि रुग्णाच्या माहितीचा फोटो काढायचा तर विचारही नको. काही हॉस्पिटलं वॉर्डमध्ये सोडण्याआधी फ्लूची लस, टीबीची तपासणी ह्यांचे कागद मागतात. कोऑर्डिनेटरला आधीच विचारून घ्या.

कोऑर्डिनेटरसाठी भेट काय न्यावी? (सांगली)

काही नाही. बाकरवडी तुम्ही खा.

माझी भेट ठरली आहे. बघायचं काय? सगळे प्रोग्रॅम सारखेच वाटतात. (अंबाजोगाई, सध्या शिकागोत मावशीकडे)

शाबास, इतक्या पत्रांत हे विचारणारी तुम्ही एकटीच.

चीफ रेसिडेंट तुम्हाला फिरवील. सिम्युलेशन लॅब दाखवील, लायब्ररी दाखवील, पिझ्झा देईल. छान माणूस असेल, पण ते त्याचं कामच आहे. तुम्ही विनंती करा की संध्याकाळच्या हँडऑफला बसू द्या. दिवसपाळीची इंटर्न रात्रपाळीवाल्याला रुग्ण सोपवते ती वेळ. तिच्या हातात चारदा घडी घातलेली लिस्ट असते, कडेला पेनाने चौकोन काढलेले: आठ वाजता पोटॅशिअम बघ, सीटीचा रिपोर्ट आला तर सर्जरीला फोन कर. तेव्हा बघा, शेजारी सीनिअर बसलाय का? तो ऐकतोय का? रात्रपाळीवाल्याने प्रश्न विचारला तर तिच्या कपाळाला आठ्या पडतात की ती नीट उत्तर देते? त्या वीस मिनिटांत जे कळतं ते वेबसाइटवर नसतं.

मग इंटर्नला एकटं गाठून साधे प्रश्न विचारा. सकाळचं रक्त कोण काढतं, फ्लेबोटॉमिस्ट की तुम्ही? रात्री दोनला रुग्णाला सीटीसाठी ढकलत कोण नेतं? काही जुन्या हॉस्पिटलांत हे अजून रेसिडेंटच्या गळ्यात असतं, आणि त्यात झोप जाते, अभ्यास जातो. एसीजीएमई, म्हणजे रेसिडेन्सी प्रोग्रॅमना मान्यता देणारी संस्था, तिचा नियम आहे की चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० तासांवर काम नको, आणि त्याच सरासरीने सात दिवसांत एक दिवस सुट्टी हवी. ‘तास पाळता का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. ‘तासांची नोंद तुम्ही स्वतः भरता की कुणी सुचवतं’ असं विचारा आणि चेहरा बघा.

व्हिसावर आलेली एखादी रेसिडेंट शोधा. तिचे जे-१ चे (बहुतेक परदेशी रेसिडेंट ज्यावर येतात तो व्हिसा) कागद वेळेवर झाले का, १ जुलैला ती कामावर हजर होऊ शकली का, नसेल तर प्रोग्रॅमने काय केलं? आपल्या मुलांसाठी हा प्रश्न सिम्युलेशन लॅबपेक्षा शंभरपट मोठा आहे. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) देतात का हे मात्र रेसिडेंटला विचारू नका, त्याची माहिती शिळी असते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, तेव्हापासून कालचं उत्तर आज चालेल ह्याची खात्री नाही. कोऑर्डिनेटरकडून लेखी घ्या आणि वकिलाला दाखवा. स्टेप ३ (अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेचा शेवटचा टप्पा) झाल्याशिवाय एच-१बीचा विषयच काढू नका.

आणि जाताना हॉस्पिटलच्या मागच्या बाजूने चालत जा. रेसिडेंट राहतात कुठे, रात्री अकराला बस मिळते का, गाडी लागेल का? जानेवारीत गेलात तर बर्फातच कळेल, ते बरंच.

एका प्रोग्रॅमच्या डायरेक्टरने गोड मेल पाठवला: ‘तुम्ही आमच्याकडे अगदी शोभून दिसाल.’ मनातून मला दुसरा प्रोग्रॅम आवडलाय, पण जिथे खात्री आहे त्यांना पहिला नंबर द्यावा ना? (ठाणे)

नाही. आणि खात्री कसली? त्या मेलला शून्य किंमत आहे. बंधनकारक असते ती फक्त दोन्हीकडची सर्टिफाय केलेली, म्हणजे पक्की म्हणून नोंदवलेली लिस्ट.

मॅचचं गणित उमेदवाराच्या बाजूने चालतं. १९९८ पासूनच्या पद्धतीत कॉम्प्युटर आधी तुमच्या पहिल्या पसंतीकडे जातो, तिथे जागा नाही मिळाली तर दुसऱ्या, मग तिसऱ्या. वरच्या पसंतीत नकार मिळाला म्हणून खालच्या ठिकाणी तुमची संधी कमी होत नाही. ही पद्धत बसवणारे अल्विन रॉथ आणि तिच्यामागचं गणित मांडणारे लॉइड शॅप्ली ह्यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तरीही ‘जिथे मिळेल तिथे आधी टाक’ हा सल्ला टेलिग्रामवर तसाच फिरतोय. मनातला क्रमच लिस्टवर टाका. जिथे अजिबात जायचं नाही तो प्रोग्रॅम लिस्टमध्येच नको, कारण मॅच झालं की जावंच लागतं.

दोन प्रोग्रॅम्सना ‘तुम्हीच माझे पहिले’ असं लिहिण्याचा मोह काहींना होतो. डायरेक्टर एकमेकांना ओळखतात, एवढंच सांगते.

भेटीच्या वेळी कुणी थेट विचारलं की आम्हाला कितवा नंबर देणार, तर? (मुंबई)

‘अजून विचार करते आहे, प्रोग्रॅम आवडला.’ हसून म्हणा आणि पुढे चला. पुन्हा दबाव आणला तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा आणि एनआरएमपीशी बोला. आधी तुमच्या कॉलेजच्या डीन ऑफिसमध्ये कुणी जाणतं माणूस असेल तर त्याला विचारा.

आम्ही नवराबायको दोघं कपल्स मॅचमध्ये आहोत. दोघांनी दोन्हीकडे जावं का? (सोलापूर)

एकाने गेलं तरी चालेल. तो तिकिटाचा पैसा त्या शहरातलं भाडं आणि दोन हॉस्पिटलांमधलं अंतर तपासण्यात घाला. कपल्स मॅचमध्ये दोघांच्या पसंतीचे प्रोग्रॅम जोडीजोडीने लिहायचे असतात. त्या जोड्या लावताना डोकं फिरतं, ३०० पर्यंत लावता येतात. आधी कपल्स मॅच केलेल्या एखाद्या जोडप्याबरोबर बसून लिस्ट करा.

माझ्या मुलीचा इंटरव्ह्यू नोव्हेंबरात झाला. ती लाजाळू आहे. तिच्या वतीने मी डायरेक्टर साहेबांना फोन केला तर बरं दिसेल ना? (वडील, सातारा)

काका, नका करू. ही काही लग्नाच्या याद्यांची बैठक नाही. मुलगी डॉक्टर आहे, तिचा मेल तिलाच लिहू द्या.

भेटीनंतर लिस्ट बदलता येते का? (औंध, पुणे)

मुदतीपर्यंत कितीही वेळा. बदलल्यावर पुन्हा सर्टिफाय करा, नुसतं सेव्ह करून झोपू नका. २०२५ साली मुदत ५ मार्चला रात्री नऊची होती, म्हणजे इथल्या पूर्व किनाऱ्याच्या नऊची. भारतात तेव्हा ६ तारखेचे सकाळचे साडेसात वाजलेले होते. यंदाची तारीख एनआरएमपीच्या कॅलेंडरवर बघा, आणि शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. अडचण आली तर त्यांच्या सपोर्टला फोन करा, मला मेल नको. मी तेव्हा वॉर्डात असते.