भारतीय फुटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा सर्वात मोठा विजय कोणता मानायचा?

१९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची अंतिम लढत, दक्षिण कोरियावर २-१. याच कोरियाने साखळीत आपल्याला २-०ने हरवलं होतं आणि लाखभर प्रेक्षकांनी भरलेलं मैदान पूर्णपणे भारताच्या विरोधात होतं. पण जुने चाहते या सामन्याबद्दल आजही भरभरून बोलतात ते जर्नेलसिंगमुळे. मूळचा बचावपटू, थायलंडविरुद्ध डोकं फुटून टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला बाहेर न बसवता थेट आघाडीला खेळवलं. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला आणि अंतिम सामन्यातही! अंतिम सामन्यातला भारताचा पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा. स्वतः रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने खंगले होते, जून १९६३ मध्ये ते गेले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला त्यानंतर मिळालेलं नाही, म्हणून माझंही मत याच सामन्याला.

मात्र निकष ऑलिम्पिकचा लावला तर १९५६च्या मेलबर्नचं नाव घ्यावं लागेल. तिथे यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी ४-२ने हरवून आपण उपांत्य फेरी गाठली, नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक केली आणि शेवटी भारत चौथा आला.